घरगुती गारवा आणि सरकारी नियम : प्रस्तावना

घरगुती एसी खोलीतील उष्णता उचलतो आणि घराबाहेर नेऊन टाकतो. उष्णता वाहून नेणाऱ्या पदार्थाला शास्त्राच्या पुस्तकात प्रशीतक म्हणतात. मेकॅनिक आणि गिऱ्हाईक त्याला नुसता ‘गॅस’ म्हणतात. आतल्या कॉइलमध्ये तो कमी दाबाखाली उकळतो आणि उकळता उकळता खोलीतील उष्णता शोषून घेतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, बाहेरच्या कॉइलमध्ये तो पुन्हा द्रव होतो आणि सोबत आणलेली उष्णता बाहेरच्या हवेत सोडून देतो. दीड टनाच्या यंत्रात हा गॅस साधारण किलोभर असतो. नळ्या आणि सांधे घट्ट असतील, तर तेवढाच गॅस यंत्राच्या आयुष्यभर पुरतो. तो जळत नाही, झिजत नाही. कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळाला. गळलेला गॅस वातावरणात जातो, आणि सरकारी नियमनाचा सारा प्रश्न या गळतीपासून सुरू होतो.

प्रशीतकाकडून अपेक्षा अनेक असतात. त्याने ओझोनच्या थराला इजा करू नये, पृथ्वीचे तापमान वाढवू नये, पेट घेऊ नये, विषारी असू नये, भर उन्हातही कमी विजेत काम करावे आणि स्वस्त असावे. या सगळ्या कसोट्यांना उतरणारा पदार्थ अजून हाती लागलेला नाही. भारतात कित्येक वर्षे घराघरांत वापरला गेलेला आर-२२ पेट घेत नाही आणि उन्हातही चांगला चालतो. पण तो ओझोनला थोडी इजा करतो आणि त्याची तापमानवाढ घडवण्याची क्षमता शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,८१० पट आहे. त्याच्या जागी आलेला आर-४१०ए ओझोनला निर्धोक आहे, पण तापमानवाढीत त्याचा आकडा २,०८८ म्हणजे आधीच्यापेक्षाही मोठा. आज दुकानातील बहुतेक नव्या यंत्रांत असलेल्या आर-३२ चा आकडा ६७५ आहे. तो सौम्य ज्वलनशील गटात मोडतो. आर-२९० म्हणजे शुद्ध प्रोपेन. त्याचा आकडा ३ च्या आसपास, म्हणजे जवळजवळ नगण्य. पण तो सहज पेट घेतो. एक दोष काढला की दुसरा पुढे येतो, आणि कोणता दोष सोसायचा हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नावर वाद उभा राहतो.

या वादाला शंभर वर्षांचा इतिहास आहे. सुरुवातीची शीतयंत्रे अमोनिया, सल्फर डायऑक्साइड आणि मिथाइल क्लोराइड यांवर चालत. हे वायू विषारी असल्याने गळती झाली की जिवावर बेते. १९२८ नंतर अमेरिकेत टॉमस मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी क्लोरोफ्लुरोकार्बन वर्गातील संयुगे तयार केली. ‘फ्रिऑन’ या नावाने बाजारात आलेली ही संयुगे न जळणारी, बिनविषारी आणि टिकाऊ होती. त्या काळच्या सगळ्या भयांवर तो उपाय होता, आणि त्यामुळेच गारवा कारखान्यातून घरात येऊ शकला. मुंबईत १९३३ मध्ये सुरू झालेले रीगल हे देशातील पहिले वातानुकूलित चित्रपटगृह मानले जाते. पुढे ब्लू स्टार (१९४३) आणि व्होल्टास (१९५४) या मुंबईच्या कंपन्यांनी हा व्यवसाय देशभर नेला. १९६७ मध्ये मफतलाल समूहाने नवीन फ्लोरीन ही कंपनी स्थापली. सुरतेच्या कारखान्यातला तिचा ‘माफ्रॉन’ मेकॅनिकांच्या तोंडी रुळला. प्रशीतकाच्या व्यापारात भारत असा लवकरच उत्पादक देश झाला, ही गोष्ट पुढच्या वाटाघाटींत महत्त्वाची ठरली.

फ्रिऑनचा टिकाऊपणा हाच त्याचा दोष निघाला. खालच्या हवेत न मोडणारे हे रेणू वर स्थितांबरात पोहोचतात, तिथे अतिनील किरणांनी फुटतात आणि मोकळा झालेला क्लोरीन ओझोनचा नाश करतो, असे मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी १९७४ मध्ये मांडले. पुढच्याच वर्षी भारतीय शास्त्रज्ञ वीरभद्रन रामनाथन यांनी अमेरिकेत काम करताना याच संयुगांची दुसरी बाजू दाखवली: ती उष्णता कोंडून धरणारी, कार्बन डायऑक्साइडच्या हजारो पट प्रभावी संयुगे आहेत. पहिल्या निष्कर्षाची दखल धोरणकर्त्यांनी आधी घेतली, दुसऱ्याची चार दशकांनी. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरील ओझोनच्या विवराचा शोध प्रसिद्ध झाला आणि १६ सप्टेंबर १९८७ रोजी मॉन्ट्रियल करारावर सह्या झाल्या. आज संयुक्त राष्ट्रांचे सर्व सदस्य देश या करारात आहेत.

भारत सुरुवातीला बाहेर राहिला. ओझोनचे नुकसान प्रामुख्याने श्रीमंत देशांनी केले, मग पर्यायी रसायनांचा आणि नव्या यंत्रसामग्रीचा खर्च गरीब देशांनी का सोसावा, हा त्याचा प्रश्न होता. १९९० च्या लंडन बैठकीत तत्कालीन पर्यावरणमंत्री मनेका गांधी यांनी निधी आणि तंत्रज्ञान या दोन्हींची मागणी लावून धरली. त्या बैठकीतून बहुपक्षीय निधी उभा राहिला. सुरुवातीची १६ कोटी डॉलरची तरतूद भारत आणि चीन सामील झाल्यास २४ कोटींवर नेण्याचे ठरले, यावरून या दोन देशांच्या होकाराची किंमत कळते. १९ जून १९९२ रोजी भारत करारात सामील झाला. देशांतर्गत अंमलासाठी १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली २००० साली ओझोन क्षयकारी पदार्थांचे नियमन व नियंत्रण करणारे नियम आले. उत्पादन, आयात, निर्यात आणि विक्री यांना नोंदणी व परवान्याची चौकट लागली. दम्याच्या फवाऱ्यासारखे औषधी उपयोग वगळता क्लोरोफ्लुरोकार्बनचे उत्पादन आणि वापर भारताने १ ऑगस्ट २००८ रोजी, म्हणजे मुदतीच्या १७ महिने आधी थांबवला.

घरगुती एसीपर्यंत ही बंदी लगेच पोहोचली नाही, कारण त्यातला आर-२२ हा तुलनेने कमी घातक अशा मधल्या पिढीचा, म्हणजे हायड्रोक्लोरोफ्लुरोकार्बन वर्गाचा वायू होता. त्याचीही मुदत २००७ मध्ये अलीकडे आणली गेली. विकसनशील देशांसाठी २०१३ मध्ये वापर गोठवणे, २०१५ पर्यंत १० टक्के, २०२० पर्यंत ३५ टक्के, २०२५ पर्यंत ६७.५ टक्के कपात आणि २०३० मध्ये जवळपास पूर्ण थांबा, असे हे वेळापत्रक आहे. जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीसाठी अल्प सवलत २०४० पर्यंत चालते. भारतात नव्या यंत्रांच्या उत्पादनातील या वर्गाचा वापर २०२४ च्या अखेरीस संपला. त्याची जागा घेणाऱ्या हायड्रोफ्लुरोकार्बन वर्गाने ओझोन वाचवला, पण तापमानवाढीचा प्रश्न मागे ठेवला. त्यासाठी १५ ऑक्टोबर २०१६ रोजी रवांडातील किगाली येथे करारात दुरुस्ती झाली. तिथे भारतासह दहा देशांचा, त्यात पाकिस्तान, इराण, इराक आणि आखाती देश, एक स्वतंत्र गट झाला. या गटाला सर्वांत उशिराचे वेळापत्रक मिळाले: २०२८ मध्ये गोठवणे, नंतर २०३२, २०३७ आणि २०४२ मध्ये अनुक्रमे १०, २० व ३० टक्के कपात आणि २०४७ मध्ये ८५ टक्के. भारताने सप्टेंबर २०२१ मध्ये या दुरुस्तीला मान्यता दिली.

इतिहास इथवर करारांचा आणि कारखान्यांचा आहे. नियमाचा शेवटचा टप्पा मात्र गावात येतो, आणि त्या टप्प्याचा विचार विदर्भाला वगळून करता येत नाही. यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यातील बोरी अरबसारखे गाव घेतले, तर तिथल्या गारव्याचे मुख्य साधन आजही कूलर आहे. एप्रिल-मेची हवा कोरडी असते, पारा ४४-४५ अंशांवर जातो, आणि अशा हवेत गवताच्या ताट्यांवरून ओलावून येणारा वारा तापमान १२ ते १५ अंशांनी खाली आणू शकतो. कूलरमध्ये प्रशीतक नसते, वीजही एसीच्या मानाने फार थोडी लागते. त्याच्या मर्यादा दोन. पाणी नेमके टंचाईच्या दिवसांत लागते, आणि मृगाच्या सरी पडून हवा दमट झाली की कूलर नुसता वारा घालतो. या दोन अडचणींतून, हप्त्यांच्या सोयीमुळे आणि बंद खोलीतल्या शांत झोपेच्या ओढीने एसी तालुक्याच्या बाजारातून गावात येतो. येताना त्याच्यावर ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे तारांकन आणि गॅसचे नाव असलेली पट्टी असते. मॉन्ट्रियलपासून किगालीपर्यंतचा सारा व्यवहार घरमालकाला त्या पट्टीत आणि किमतीत तेवढा दिसतो.

विदर्भाचे ऊन तांत्रिक प्रश्नही उभे करते. प्रत्येक वायूचे एक क्रांतिक तापमान असते. त्याच्या जवळ गेले की वायूचे द्रवात रूपांतर होणे अवघड होत जाते आणि यंत्राची ताकद घटते. आर-२२ आणि आर-२९० यांचे हे तापमान ९६ अंशांच्या आसपास आहे, आर-३२ चे ७८, तर आर-४१०ए चे सुमारे ७१. पश्चिमेच्या भिंतीवर उन्हात टांगलेल्या आउटडोर युनिटच्या नळ्यांत ५५-६० अंश सहज होतात. त्यामुळे ओझोनसाठी चांगला ठरलेला आर-४१०ए वैशाखात जुन्या गॅसपेक्षा दमतो, ही मेकॅनिकांची तक्रार भौतिकशास्त्राला धरून आहे. भारतातील तारांकन ज्या हंगामी कार्यक्षमतेवर आधारलेले आहे, तिचा हिशेब २४ ते ४३ अंश बाहेरील तापमान आणि वर्षाला १,६०० तास यांवर होतो. ४३ च्या वर काय होते, हे त्या पट्टीवर कळत नाही. विदर्भात मात्र दरवर्षी कळते. किगालीत अतिउष्ण प्रदेशांना दिलेल्या तात्पुरत्या सवलतीच्या यादीत पाकिस्तान आणि आखाती देश आहेत, भारत नाही.

या विषयावर आजवर झालेल्या लिखाणात पाच विचारप्रवाह ठळक दिसतात. पहिला प्रवाह करारनिष्ठांचा. त्यांच्या मते वातावरण सामायिक आहे आणि गळतीची किंमत गळवणारा मोजत नाही, म्हणून राज्यसंस्थेने मर्यादा घालणे अपरिहार्य ठरते. ते मॉन्ट्रियलच्या यशाकडे बोट दाखवतात: २०२२ च्या शास्त्रीय आढाव्यानुसार ओझोनचा थर जगाच्या बहुतेक भागात २०४० च्या सुमारास आणि अंटार्क्टिकावर २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल. किगालीमुळे या शतकाअखेर सुमारे अर्ध्या अंशापर्यंतची तापमानवाढ टळू शकते, असाही अंदाज आहे.

दुसरा प्रवाह न्यायवाद्यांचा आहे. १९९० च्या लंडनपासून २०१६ च्या किगालीपर्यंत भारताची अधिकृत भूमिका प्रामुख्याने याच धाटणीची राहिली. ज्या देशात दर शंभर घरांपैकी जेमतेम आठ-दहा घरांत एसी आहे, त्याने आणि जवळपास प्रत्येक घरी एसी असलेल्या देशाने एकाच वेगाने कपात करावी, हे त्यांना मान्य नाही. या प्रवाहावर घेतला जाणारा आक्षेपही न्यायाच्याच भाषेत आहे. उशिराच्या वेळापत्रकाचा लाभ कोणाला होतो? उन्हात कापसाच्या रानात राबणाऱ्या मजुराकडे एसी नाही. गॅसची मुदत वाढल्याने त्याला गारवा मिळत नाही, तापमानवाढीचा फटका मात्र त्यालाच आधी बसतो.

तिसरा प्रवाह नियमनाकडे संशयाने पाहतो. घराच्या आत कोणता गॅस असावा हे सरकारने सांगू नये, बंदीमुळे दुरुस्ती महागते, चांगले चालणारे यंत्र भंगारात जाते आणि तस्करी वाढते, असे तो म्हणतो. यातील काही मुद्दे अनुभवाने सिद्ध आहेत. १९९० च्या दशकात अमेरिकेत फ्रिऑनचा काळा बाजार झाला, युरोपात अलीकडे हायड्रोफ्लुरोकार्बनची तस्करी होत आली आहे. प्रत्येक बंदीच्या वेळी रसायन कंपन्यांचे जुने पेटंट संपलेले आणि नवे हाती असते, अशी शंकाही या प्रवाहात वारंवार व्यक्त होते. कंपन्यांना बंदीतून नफा झाला, हे खरे. पण ओझोन विवराची मोजमापे कंपन्यांनी केली नव्हती. शिवाय पेटंटचा इतिहास सरळ नाही. आर-३२ वापरण्याच्या तंत्राची अनेक पेटंटे जपानच्या डायकिनने २०११ मध्ये विकसनशील देशांना आणि २०१५ मध्ये साऱ्या जगाला विनामूल्य खुली केली. त्यामागे आपला गॅस सर्वमान्य व्हावा हा व्यापारी हिशेबही होताच.

चौथा प्रवाह नैसर्गिक प्रशीतकांचा पुरस्कार करतो. एक रसायन काढून दुसरे आणायचे आणि वीस वर्षांनी त्यावर बंदी घालायची, हा फेरा थांबवून थेट प्रोपेन, आयसोब्युटेन, अमोनिया यांकडे जावे, असे त्याचे म्हणणे. १९९२-९३ मध्ये ग्रीनपीसने पूर्वीच्या पूर्व जर्मनीतील एका कारखान्याला हाताशी धरून हायड्रोकार्बनवर चालणारा फ्रिज बाजारात आणला. आज जगभरच्या फ्रिजमध्ये हे तंत्र सर्रास आहे. एसीच्या बाबतीत मुंबईच्या गोदरेजने २०१२ मध्ये प्रोपेनवर चालणारे घरगुती एसी भारतात विकायला काढले. यंत्रात पुरेसा कमी गॅस भरला, खोलीचे क्षेत्रफळ पाहिले आणि बसवणारा प्रशिक्षित असला, तर धोका आटोक्यात राहतो, असा या प्रवाहाचा दावा आहे. ‘पुरेसा कमी’ म्हणजे किती, यावर आंतरराष्ट्रीय मानकसमित्यांत वर्षानुवर्षे झगडा चालला आणि २०२२ मध्ये ही मर्यादा बरीच वाढवण्यात आली. नव्या कृत्रिम वायूंपैकी काही विघटित होऊन न मोडणारी फ्लोरीनयुक्त आम्ले पाण्यात साठवतात, या चिंतेने युरोपात या प्रवाहाला बळ मिळाले आहे.

पाचवा प्रवाह म्हणतो की गॅसवरचा वाद दुय्यम आहे. आधी गारव्याची गरज कमी करावी. पांढरे छप्पर, भिंतीला सावली, हवेशीर बांधणी, कार्यक्षम पंखे आणि कूलर यांकडे तो लक्ष वेधतो. मार्च २०१९ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केलेल्या भारत शीतलन कृती आराखड्यात या विचाराला जागा मिळाली. २०३७-३८ पर्यंत शीतलनाची मागणी २० ते २५ टक्क्यांनी, प्रशीतकांची मागणी २५ ते ३० टक्क्यांनी आणि त्यासाठीची वीज २५ ते ४० टक्क्यांनी घटवण्याचे लक्ष्य त्यात आहे. जानेवारी २०२० पासून तारांकित एसी सुरू होताना २४ अंशांवर असावा, हा नियम याच दिशेचा. पुण्याच्या प्रयास ऊर्जा गटासारख्या संस्थांनी घरगुती वीजवापराचा जो अभ्यास चालवला आहे, तो या प्रवाहाला आवश्यक आधार पुरवतो.

हे पाचही प्रवाह एका बाबतीत समान आहेत: त्यांचा बहुतेक युक्तिवाद कारखाना, आयात आणि विक्री या टप्प्यांवर थांबतो. तिथे नियमन परिणामकारक ठरते, याचे कारणही साधे आहे. देशात प्रशीतके तयार करणारे कारखाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. आर-२२ बनवताना हायड्रोफ्लुरोकार्बन-२३ हा कार्बन डायऑक्साइडच्या १४,००० पटींहून अधिक तापक असा उपपदार्थ निघतो. तो जाळून टाकण्यासाठी गुजरात आणि राजस्थानातील कारखान्यांना एकेकाळी कार्बन क्रेडिटचे पैसे मिळत. उपपदार्थ जाळण्याची कमाई इतकी मोठी होती की मूळ उत्पादन वाढवण्याचाच मोह होतो, अशी टीका झाली आणि युरोपने २०१३ पासून हे क्रेडिट नाकारले. किगालीत भारताने सरळ आदेश काढला: कारखान्यांनी हा वायू स्वखर्चाने जाळावा. मोजक्या कारखान्यांवर आदेश चालतो. लाखो घरांच्या भिंतींवर तो चालवायचा कसा, हा निराळा प्रश्न आहे.

आकडेमोड केली की घरातल्या गळतीच्या आणि दुरुस्तीच्या टप्प्याचे वजन कळते. वर्षाला १,००० युनिट वीज घेणाऱ्या एसीमागे, युनिटला सुमारे ०.७ किलो या देशाच्या सरासरीने, ७०० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. आर-२२ च्या जुन्या यंत्रातून एक किलो गॅस एकदा गळला, तर ते १,८०० किलोच्या बरोबरीचे होते, म्हणजे अडीच वर्षांच्या विजेएवढे. ८०० ग्रॅम आर-३२ गळला तर सुमारे ५४० किलो. ३५० ग्रॅम प्रोपेन गळला तर जेमतेम एक किलो. जुना गॅस असलेली यंत्रे अजून भिंतींवर आहेत आणि ती दुरुस्त करणारा हात तालुक्याच्या मेकॅनिकचा आहे.

या मेकॅनिकचा हंगाम मार्च ते जून. एका दिवसात जितक्या घरी जाता येईल तितकी कमाई. नियमाप्रमाणे काम करायचे तर गळतीची जागा शोधायची, उरलेला गॅस यंत्राने ओढून सिलिंडरमध्ये घ्यायचा, सांधा ब्रेझिंगने जोडायचा, नायट्रोजनचा दाब देऊन तपासायचा, व्हॅक्यूम पंपाने नळ्या कोरड्या करायच्या आणि वजन करून गॅस भरायचा. घाईत होते ते वेगळे: उरलेला गॅस हवेत सोडून दिला जातो, नव्या गॅसचा फवारा मारून नळीतली हवा काढली जाते आणि गेजच्या अंदाजाने भरणा होतो. गिऱ्हाईकाला तासाभरात गारवा हवा असतो आणि हवेत गेलेल्या गॅसचे बिल कोणाच्याच नावावर पडत नाही. गॅस परत घेण्याचे यंत्र महाग आहे, आणि परत घेतलेला गॅस द्यायचा कुठे याची सोय बहुतेक तालुक्यांत नाही. त्यात आता धोक्याचीही भर पडली आहे. आर-२२ च्या यंत्रात दाब जुळतो म्हणून प्रोपेन भरणे शक्य असते, पण ते यंत्र ज्वलनशील गॅससाठी बनवलेले नसते. शीतलन आराखड्याने २०२२-२३ पर्यंत एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचे लक्ष्य ठेवले, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत हा व्यवसाय शिकवला जातो, २०२३ मध्ये ई-कचऱ्याच्या नियमांत प्रशीतकांच्या विल्हेवाटीचाही समावेश झाला. पण गावोगावचा बराच मोठा कारागीरवर्ग उस्तादाच्या हाताखाली शिकलेला आहे, आणि ही प्रमाणपत्रे व नियम त्याच्यापर्यंत क्वचित पोहोचतात.

हा विषय आत्ताच ग्रंथरूपात येण्याची निकड वेळापत्रकातून आली आहे. किगालीखाली भारताची आधाररेषा २०२४, २०२५ आणि २०२६ या तीन वर्षांच्या वापरावरून ठरते. त्यात हायड्रोक्लोरोफ्लुरोकार्बन या जुन्या वर्गाच्या आधाररेषेचा ६५ टक्के भाग मिळवला जातो. या तीन वर्षांत वापर जितका जास्त, तितकी २०२८ ची कमाल मर्यादा सैल, असा उलटा मोह या रचनेत आहे. त्याच काळात मागणी उसळली. २०२४ मध्ये देशात एक कोटीहून अधिक घरगुती एसी विकले गेले, ३० मे २०२४ रोजी विजेच्या मागणीने २५० गिगावॅटचा उच्चांक गाठला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये एसीवरचा वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. गॅस भरलेल्या एसीच्या आयातीवर ऑक्टोबर २०२० पासून बंदी आहे, त्यामुळे कोणता गॅस वापरायचा हा निर्णय देशी कारखानदारीशीही जोडला गेला आहे. आज विकत घेतलेले यंत्र दहा-बारा वर्षे भिंतीवर राहते. २०३२ ची कपात ज्या यंत्रांच्या काळात लागू होईल, ती यंत्रे आत्ता बसत आहेत.

प्रस्तुत ग्रंथ या सगळ्या साखळीकडे तिच्या शेवटच्या कडीवरून पाहतो. दिल्लीत लिहिलेला नियम बोरी अरबमध्ये कोणत्या रूपाने पोहोचतो, आणि काही वेळा पोहोचतच नाही, हा त्याचा मध्यवर्ती प्रश्न आहे. त्याची भूमिका स्पष्ट आहे: वायूची निवड आणि कारखान्यांवरील मर्यादा आवश्यक आहेत, पण घरगुती प्रशीतकाचे नियमन यशस्वी झाले की नाही हे दुरुस्तीच्या टप्प्यावर ठरते. म्हणून प्रशिक्षण, हत्यारे, परत घेतलेल्या गॅसला मिळणारा भाव आणि गिऱ्हाईकाच्या हाती पडणारी पावती यांना इथे कराराच्या कलमांइतकेच महत्त्व दिले आहे. विरोधी मतांना त्यांच्या सर्वांत सबळ रूपात जागा दिली आहे. बंदीने होणारी महागाई आणि ज्वलनशील वायूंची भीती यांची तपासणी केली आहे, थट्टा केलेली नाही.

ग्रंथाच्या मर्यादाही सांगणे आवश्यक आहे. मोटारी, शीतगृहे, रेल्वेचे डबे आणि मोठ्या इमारतींची केंद्रीय यंत्रणा यांचा विचार संदर्भापुरता येतो. भर घरगुती यंत्रावर आहे. कोणत्या कंपनीचा एसी घ्यावा, हा सल्ला यात नाही. रसायनशास्त्र अकरावी-बारावीच्या पातळीपलीकडे नेलेले नाही, आणि कायद्याची भाषा जिथे टाळता आली तिथे टाळली आहे. घरी एसी घेऊ पाहणारा, तो दुरुस्त करणारा, त्यावर बातमी लिहिणारा आणि त्यासाठी नियम करणारा, या चौघांना एकाच पुस्तकातून एकमेकांच्या अडचणी समजाव्यात, अशा बेताने त्याची मांडणी केली आहे. २०२८ ची मर्यादा लागू होण्यापूर्वी या चौघांत संवाद झाला, तर नियम कागदावर कडक आणि दुरुस्तीच्या वेळी गैरहजर अशी आजवरची स्थिती बदलणे शक्य आहे.